हात लावल्याशिवाय नाही

शुक्रवारी संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. कशी आहेस, जेवण झालं का, असलं काही न विचारता त्या सरळ मुद्द्यावर आल्या.

"या रविवारी मुंगीला माझ्याकडे सोडू नकोस. मीच येतेय तुमच्याबरोबर."

"कुठे?"

"त्या तुमच्या खडकावर. काय करता ते एकदा डोळ्यांनी बघते. बघून मग ठरवते."

काय ठरवणार, हे विचारायची गरज नव्हती. मागच्या रविवारी मी कोपर सोलून आणि एक बोट सुजवून मुंगीला आणायला त्यांच्या घरी गेले होते. दार त्यांनीच उघडलं. कोपराकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं, मग आपल्या कडेवरच्या मुंगीकडे पाहिलं आणि तिची पिशवी माझ्या हातात दिली.

माझं सगळं त्या रविवारांवर टांगलेलं होतं. नवरा पाणीपुरवठा केंद्रात कामाला, त्याला रविवारी हमखास ड्युटी. मी आठवडाभर पार्सलच्या गोदामात पट्ट्यावरून येणारी खोकी गावांप्रमाणे लावत असते. मुंगी तीन वर्षांची आहे. तिचं खरं नाव छान आहे, पण रांगायच्या आधीच ती सोफ्यावर चढली, तेव्हापासून घरात तिला कुणी त्या नावाने हाक मारलेली नाही. तिला सांभाळायला सासूबाईंशिवाय कुणी नाही. त्यांनी नाही म्हटलं की माझा खडक चढायचा दोर माळ्यावर जाणार, हे मला पुरतं ठाऊक होतं.

आणि ते रविवार त्यांनीच दिले होते, मी मागितले नव्हते. मुंगी नऊ-दहा महिन्यांची असेल. झोप नाही, अंगात त्राण नाही, आणि माझा राग तर आधीपासूनच नाकावर. एकदा मी स्वयंपाकघरातल्या गळक्या नळावर इतक्या जोरात ओरडले की मुंगी दचकून रडायला लागली. सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या. त्या उठल्या, नळाखाली पातेलं ठेवलं आणि म्हणाल्या, "रविवारची सकाळ मुलगी माझी. तू कुठे जातेस ते मला सांगायची गरज नाही. फक्त जा."

मी गेले ते थेट खडकावर. पहिल्या दिवशी नवशिक्यांना देतात त्या वाटेवरसुद्धा मला चार हात वर जाता येईना. लग्नाच्या आधीपासून चढणारी मी, पार रडकुंडीला आले. पण घरी परतताना रस्त्यात गाणं म्हणत होते. त्या दिवसापासून एक गोष्ट घरात सगळ्यांना कळली. रविवारी चढून आले की सोमवारी मी माणसात असते.

शनिवारी रात्री जेवताना मी नवऱ्यापुढे रडगाणं लावलं.

"अगं, आई आहे ती. खाणार नाही तुला."

"ऑपरेशन करणारे डॉक्टर घाबरायचे त्यांना."

"मग त्यात काय? मी अजून घाबरतो," तो म्हणाला आणि शांतपणे पाव मोडायला लागला. असा हा आधार.

सासूबाई ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. पुढे तिथल्या मुख्य झाल्या, मग निवृत्त झाल्या. अजूनही त्यांच्या ड्रॉवरमधल्या चमच्यांची तोंडं एका दिशेला असतात. मी एकदा एक चमचा उलटा ठेवून पाहिला होता. चहा होईपर्यंत तो सुलटा झाला होता आणि त्याबद्दल चकार शब्द निघाला नव्हता.

रविवारी सकाळी गाडीत सामानच सामान. माझा दोर, हार्नेस, हेल्मेट. मुंगीची बादली, फावडं, जास्तीच्या दोन चड्ड्या, उकडलेली अंडी, केळी. आणि सासूबाईंचं घडीचं स्टूल. पुढची सीट नेहमी गोंदची असते. ती निमूटपणे मागे मुंगीशेजारी जाऊन बसली आणि मुंगीने तिच्या मांडीवर केळं कुस्करलं.

गोंद म्हणजे माझी चढायची जोडीदार. खडकाला एकदा चिकटली की सुटत नाही म्हणून गोंद. आठवडाभर ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर काचा बसवते. आमची जोडी बारा वर्षांची. माझा फटकळ स्वभाव तिने इतकी वर्षं झेलला, यातच काय ते आलं.

आम्ही चढतो ती जुनी दगडाची खाण आहे. गावाबाहेर, गोदामांच्या मागे. काम कधीच बंद पडलंय. यंत्रांनी कापलेल्या उभ्या भिंती, खाली बारीक खडी, एका बाजूला गवत. दोन भिंती मिळतात तिथे चढायची एक वाट आहे, तिला आम्ही कोपरा म्हणतो. मुंगी व्हायच्या आधी मी तो चढायचे. नंतर एकदाही नाही.

"आज सोपंच काहीतरी करू," गोंद हळूच म्हणाली. "त्यांच्यासमोर कशाला?"

"नाही. कोपराच."

"अगं पण..."

"कोपराच म्हटलं ना!"

खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं. एकदा कोपरा चढून दाखवला की कसली शंका उरणार नाही, असं माझं गणित होतं. सासूबाईंनी भिंतीपासून दूर, गोंदने दाखवलेल्या जागी स्टूल मांडलं, पर्स मांडीवर घेतली, चष्मा पुसला आणि बसल्या. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारख्या.

आता इथे आमची एक पद्धत सांगायला हवी. दोर कमरेच्या हार्नेसला बांधायची एकच गाठ असते, आठच्या आकड्यासारखी. आधी दोरावर एक आठ करायचा, मग टोक हार्नेसमधून ओवायचं आणि त्या आठावरून तसंच उलट फिरवत आणायचं. दुहेरी आठ झाला की गाठ पूर्ण. त्यानंतर खाली दोर धरणाऱ्याने चढणाऱ्याच्या गाठीला हात लावून, ओढून बघायचं. चढणाऱ्याने खालच्याच्या कमरेचं, दोर अडकवायचं कडं बंद आहे का ते तसंच हात लावून बघायचं. नुसतं बघून चालत नाही. गोंद आणि मी हे इतक्या वेळा केलंय की आता आम्ही ते करताना भाजीच्या भावाबद्दल बोलतो.

मी आठ केला. टोक हार्नेसमधून ओवलं. आणि तेवढ्यात मुंगी आली.

"आई, बुटात खडा."

"आजीकडे जा."

"नाही, तूच."

तिचा ओठ बाहेर यायला लागला. सासूबाईंसमोर पोर रडायला नको म्हणून मी गुडघ्यावर बसले. बूट काढला, मूठभर खडी झटकली, मोजा सारखा केला, बूट चढवला, लेस बांधली. पक्की, दुहेरी फास घेऊन, वर एक ओढ देऊन. "झालं!" म्हणाले. ती पळाली. मी उभी राहिले, वाऱ्यामुळे जॅकेट खाली ओढलं, हाताला खडूची पूड लावली आणि भिंतीपाशी गेले.

"चल."

"थांब," गोंद म्हणाली.

"झालंय गं सगळं. चल ना, त्या बघतायत."

"हात लावू दे."

"अगं, बारा वर्षं बांधतेय मी गाठ! आज काय नवीन आहे?"

"हात लावल्याशिवाय नाही," ती म्हणाली. तिने माझं जॅकेट वर केलं आणि दोर ओढला.

दोर सरळ बाहेर आला. सळकन हार्नेसमधून निघाला आणि माझ्या पायांवर पडला.

आम्ही दोघी त्या दोराकडे बघत राहिलो. पंधरा-वीस हात वर गेल्यावर दमून दोरावर भार टाकला असता तर काय झालं असतं, ते मला कुणी सांगायला नको होतं. खाली खडी होती आणि खडीच्या पलीकडे मुंगी बादली भरत होती.

गोंद आधी सावरली. मोठ्याने, स्टूलपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे टोक जरा घासल्यासारखं वाटतंय, नाही? दुसऱ्या टोकाने बांधूया."

मला वाचवायला ती बिनदिक्कत खोटं बोलली. बारा वर्षांत तिला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. जमलंही नाही तिला, कान लाल झाले होते. तिला तिथेच मिठी मारावी असं वाटलं. आणि क्षणभर वाटलं, गप्प बसावं. सासूबाईंना दोरातलं काय कळणार? रविवार वाचतील.

"मुंगी," सासूबाईंचा आवाज आला, "त्या गवताजवळचे पांढरे दगड आणून दे मला. फक्त पांढरे हं." मुंगी धावली. मग त्या स्टूलवरून न उठता म्हणाल्या, "आता मला काय झालं ते सांगा. खरं काय ते."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आई, गाठ अर्धीच राहिली होती. ओवली आणि पूर्ण करायच्या आत मुंगीची लेस बांधायला बसले. ती बांधली आणि वाटलं..."

"हातांना वाटलं गाठ झाली," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"बघत होते मी. एक गाठ सोडून तू दुसरी बांधलीस, ते दोर पडला तेव्हा कळलं मला." त्यांनी पर्स बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. "हे हात लावून बघणं रोजचं आहे, का आज मी आले म्हणून?"

"रोजचं. प्रत्येक वेळी."

"तू तिला नको म्हणत होतीस, ते ऐकलं मी."

"हो."

"आणि तरी हिने ऐकलं नाही तुझं."

"नाही," गोंद मागून म्हणाली. "मी तिचं कधीच ऐकत नाही."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू म्हणता येणार नाही, पण त्याच्या शेजारचंच काहीतरी.

"थिएटरमध्ये पोट शिवायच्या आधी आम्ही सगळं मोजायचो," त्या म्हणाल्या. "कापसाच्या पट्ट्या, सुया, चिमटे. दोघींनी मिळून, मोठ्याने. मधेच कुणी काही विचारलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. राहिलेल्या ठिकाणावरून नाही. एकदा एक मोठे डॉक्टर मधे बोलले. मी सुरुवातीपासून मोजायला घेतलं तर भडकले, म्हणाले, सिस्टर, माझा वेळ जातोय. मी म्हटलं, तुम्ही बोललात म्हणून जातोय." त्या थांबल्या. "तेव्हा तुझा नवरा एवढाच होता, मुंगीएवढा. खालच्या मजल्यावरच्या बाई सांभाळायच्या. मला कुणी कधी विचारलं नाही, पोर टाकून कशाला जातेस म्हणून. पगार यायचा ना घरात. तुझ्या या चढण्याला पगार नाही, म्हणून तुला सगळे विचारतात. मीही विचारायलाच आले होते."

मला वाटलं, आता येणार निकाल. मी स्वतःच म्हणून टाकलं, "आपण घरी जाऊया, आई. आज नको."

"का?"

"का म्हणजे? मी आत्ता..."

"चूक झाली, सापडली आणि तू सांगितलीस. लपवली असतीस तर मी मुंगीला घेऊन निघाले असते आणि तुला पुन्हा इथे येऊ दिलं नसतं. घाबरून घरी गेलीस तर पुढच्या वेळी हात थरथरतील. मग खरी भीती." त्या उठल्या, साडीवरची धूळ झटकली. "पुन्हा बांध. पहिल्यापासून. मुंगी माझ्याजवळ राहील. तू बांधत असताना तुझ्याशी कुणी बोलणार नाही. पुढचं काय ते मी घरी गेल्यावर सांगेन."

मी दोर पूर्ण सोडला, अगदी पहिला आठसुद्धा उकलला. मग केला, ओवला, फिरवला. खाणीत कुणी बोललं नाही. मुंगीसुद्धा नाही, कारण आजीने तिच्या तोंडात अर्धं अंडं दिलं होतं. गोंदने हात लावला, ओढलं. मी तिचं कडं दाबून पाहिलं. आणि मग सासूबाई पुढे आल्या. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी ती गाठ नीट पाहिली, दोन बोटांनी दोराचा मार्ग सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाचपला आणि म्हणाल्या, "हं."

मी चढले.

पहिले काही हात भीतीनेच चढले. मग भिंतीत ठोकलेल्या पहिल्या बोल्टला दोर अडकवला आणि श्वास जागेवर आला. कोपऱ्याच्या मधोमध एक जागा आहे, तिथे हाताला काही नाही. डावा पाय एका चिंचोळ्या कडेवर ठेवून, अंग भिंतीला टेकवून थांबायचं, आणि उजवा हात सावकाश वर जाऊ द्यायचा. पूर्वी मी तिथे थांबायचेच नाही. दंडात ताकद होती, झेप घ्यायचे. आता ती ताकद नाही, आणि मी उगाच लपवणार नाही, तिची आठवण आली. पण एका पायावर उभं राहून एका हाताने भाजी ढवळायची आणि दुसऱ्याने कडेवरच्या, चाळे करणाऱ्या पोराला तोलायचं, हे मी तीन वर्षं रोज केलंय. थांबता येतं मला आता. मी थांबले. हात गेला. वरची कड बोटांत आली.

वर पोचल्यावर मी ओरडले, "पोचले!" खाली गोंदने दोर आवळला. सासूबाई मान वर करून उभ्या होत्या, एक हात कपाळावर धरून. मुंगी वर बघतच नव्हती. बादलीतले पांढरे दगड एकेक करून आजीच्या स्टूलवर मांडत होती.

मग तिने मान वर केली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "आई! लेस सुटली!"

"आईला सांगायचं नाही," सासूबाई म्हणाल्या, "मला सांग," आणि खाली वाकल्या.

मला वरून हे सगळं दिसत होतं. दोर धरून मान ताठ केलेली गोंद, आणि बुटाशी वाकलेली ती पांढऱ्या केसांची मुख्य सिस्टर. मला रडू फुटलं. रागाने रडायची सवय आहे मला, हे तसलं नव्हतं. एवढी माणसं आपल्याला धरून आहेत आणि आपण आजवर समजत होतो की आपण एकट्याच लटकलोय, असं काहीसं होतं ते. नाक पुसायला हात मोकळा नव्हता, तसंच वाहू दिलं.

परतीच्या वाटेवर गोंदला घरी सोडलं. ती उतरताना मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "आज तू..." ती म्हणाली, "गप गं. पुढच्या वेळी मी विसरेन, तेव्हा तू ओढ." आणि केळं लागलेली पँट झटकत निघून गेली.

आमच्या घरी आल्यावर मी मुंगीला अंघोळ घातली. पाण्यात खडी, कानात खडी, बेंबीतसुद्धा खडी. सासूबाई बाहेरच्या खोलीत होत्या. निकाल अजून लागला नव्हता. काही झालं तरी भांडायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं. त्यांनी नाही म्हटलं तरी त्यांचे आभार मानायचे. दोन वर्षं रविवार दिले त्यांनी, कुठे जातेस न विचारता. तेवढंही किती जणींना मिळतं? शब्द मनात जुळवत, टॉवेलात गुंडाळलेली मुंगी खांद्यावर टाकून मी बाहेर आले.

सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या. सोफ्यावर नाही, स्टूलवर नाही, गुडघे दुखत असूनही जमिनीवर. माझ्या अंघोळीच्या गाऊनचा पट्टा त्यांनी काढून घेतला होता आणि जेवणाच्या खुर्चीच्या पायातून ओवला होता. पहिला आठ करून झाला होता. जीभ दातांत धरून त्या दुसरा फिरवत होत्या. चुकला. त्यांनी राहिलेल्या ठिकाणावरून पुढे नेला नाही. सगळं उकललं आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं.

मी जागची हलले नाही.

शेवटी पट्ट्याचं टोक बाहेर आलं. त्यांनी दोन्ही बाजूंनी ओढून पाहिलं आणि मान वर केली.

"गोंदला एखाद्या रविवारी गाठ बघायला जमलं नाही तर?" त्या म्हणाल्या. "बघतेस काय अशी? हात लाव."

मी मुंगीला सोफ्यावर ठेवलं, त्यांच्यासमोर बसले आणि गाठीला हात लावला. ओढली. पक्की होती. त्यांची बोटं अजून गाठीवरच होती, आणि माझा हात मी बराच वेळ काढला नाही.